पाव घर कुणाचं?

"बाई, हिस्सा आत्ताच लिहून टाका. नवरा-बायकोला हिस्सा लिहायची लाज वाटते, आणि मग पुढे सगळं जग विचारत बसतं," असं दस्त लिहिणाऱ्या म्हाताऱ्याने तिला सांगितलं होतं. चष्मा कपाळावर चढवून, पेन हवेत धरून, अगदी आजोबांच्या मायेने सांगितलं होतं. त्यावर ती हसली. नुसती हसली असती तर एक वेळ चाललं असतं, पण हसून वर म्हणाली, "अहो काका, आमच्यात तसं काही नाही."

"कुणाच्यातच नसतं," म्हातारा म्हणाला, आणि 'प्रत्येकाचा हिस्सा' या शब्दांपुढच्या रिकाम्या रकान्यात त्याने एक आडवी रेघ मारली. रेघ इतकी सुबक होती, की तिला वाटलं, ही काहीतरी चांगलीच गोष्ट असणार.

आता गंमत अशी, की रिकाम्या जागा आणि भलत्या रेघा पकडणं हाच तिचा धंदा होता. ती घरी बसून शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची. इतिहासाच्या पुस्तकात 'राजाला मुले नव्हती' याऐवजी 'राजाला मुळे नव्हती' असं छापायला निघालं होतं, ते तिनेच पकडलं. एक स्वल्पविराम हरवला तर तिला घास गिळवत नसे. अशा बाईने स्वतःच्या घराच्या कागदावर रिकामा रकाना डोळ्यांदेखत सोडला, यावरून माणूस बाहेर किती शहाणा आणि घरात किती भोळा असतो ते समजून घ्यावं.

आणि घर म्हणजे तरी काय, राहायचं घर नव्हे. राहायला ती, नवरा आणि दहा महिन्यांची ठमी असे तिघं दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहत होते. विकत घेतलेलं घर गुंतवणुकीचं: दोन खोल्या, चौथा मजला, लिफ्ट नाही. त्यात एक दातांची डॉक्टरीणबाई भाड्याने राहायची आणि भाडं मात्र दात उपटल्यासारखं, एका झटक्यात, ठरल्या तारखेला द्यायची. म्हणजे दुसऱ्याला भाडं द्यायचं आणि तिसऱ्याकडून घ्यायचं. याला नवरा 'आर्थिक नियोजन' म्हणायचा. ती 'द्राविडी प्राणायाम' म्हणायची, पण मनातल्या मनात.

तर मार्चमध्ये कराचं पहिलं वर्ष संपलं आणि कराचे कागद भरायची वेळ आली. घर दोघांचं, म्हणून भाड्याचं उत्पन्नही दोघांनी आपापल्या कागदात वाटून दाखवायचं, एवढं तिला ठाऊक होतं. नवऱ्याने स्वतःचा अर्ज भरला आणि हिला त्रास नको म्हणून तोवर जमलेल्या भाड्याचं निम्मं करून तो आकडा चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवला. चिठ्ठीवर शब्द तीनच: 'भाडं, तुझ्या अर्जासाठी'. तिने रात्रंदिवस रडणाऱ्या ठमीला एका खांद्यावर आणि ती चिठ्ठी दुसऱ्या हातात घेऊन आपला अर्ज स्वतः भरला, कारण कराचा अर्ज नवऱ्याकडून भरून घेणाऱ्या बायकांबद्दल तिची काही मतं होती. अर्जात दोन चौकटी होत्या. एकूण भाडं किती? तिने चिठ्ठीवरचा आकडा लिहिला. आपला हिस्सा किती? निम्मा, असं लिहिलं. यंत्राने त्याचं पुन्हा निम्मं केलं.

त्याने प्रेमाने निम्मं केलेलं, तिने नियमाने निम्मं केलं. सहा महिने कुणाला पत्ता लागला नाही.

पत्ता लागला तो समोरच्या काकूंना. टपालवाला आला तेव्हा ती ठमीला आंघोळ घालत होती, म्हणून पाकीट काकूंनी घेतलं.

"मी उघडलं नाही हो," काकू दारातच म्हणाल्या, "पण पाकिटाला खिडकी होती. आणि खिडकीतून दिसतं ते दिसतंच. तिसरी कोण गं?"

"तिसरी?"

"वाच तूच."

तिने ओल्या हातांनीच वाचलं. पत्र कर कार्यालयाचं होतं. 'सदर मालमत्तेच्या उत्पन्नापैकी तीन चतुर्थांश उत्पन्न दोन सहमालकांनी जाहीर केले आहे. उर्वरित एक चतुर्थांश हिश्श्याच्या तिसऱ्या सहमालकाचे नाव व पत्ता पंधरा दिवसांत कळवावा.' पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. त्यामुळे ती जास्तच घाबरली.

"तिसरा मालक लिहिलंय, काकू. तिसरी नाही."

"सरकारी कागदावर मालकच लिहितात. असते मालकीण." काकूंनी ठमीला टॉवेलमध्ये गुंडाळून कडेवर घेतलं. "मी आपली बोलून मोकळी होते. तुझा नवरा काही वाईट नाही. पण वाईट नसलेलेच फसतात."

काकू गेल्या आणि तिने नवऱ्याला ऑफिसात निरोप पाठवला: 'पाव कुठे गेला? ताबडतोब सांग.' त्याचं उत्तर आलं: 'विसरलो, सॉरी. येताना आणतो.'

आता यावर बाईमाणसाने काय समजावं? येताना आणतो! ती खुर्चीत बसली. आणि खरं सांगायचं तर तिला आधी राग नाही आला, कुतूहल वाटलं. पाव घराची मालकीण असते तरी कशी? पाव म्हणजे नक्की कोणता भाग? न्हाणीघर आणि निम्मा पॅसेज? की चारही खोल्यांमधून सारखा कापून घेतलेला तुकडा, पण खोल्या तर दोनच. ती कधी आली तर तिला कुठल्या दारातून आत घ्यायचं? चहा विचारावा लागेल का? डॉक्टरीणबाई तिला वेगळं भाडं देते का? सगळी दुपार तिच्या डोक्यात ही पाव बाई खोल्यांमधून हिंडत राहिली. संध्याकाळपर्यंत तिला पाव बाईची उंचीसुद्धा ठरवता आली होती. हिच्यापेक्षा उंच.

संध्याकाळी नवरा आला तो हातात गरम पावांची पिशवी घेऊन. "सहा पुरतील ना?" असं म्हणाला.

तिने पत्र पुढे केलं. त्याने वाचलं, पिशवी खाली ठेवली, पुन्हा वाचलं. मग तो फ्रिजपाशी गेला. चिठ्ठी अजून तिथेच होती, तिच्यावर ठमीच्या लसीकरणाचा कागद चिकटवलेला.

"अगं, हा आकडा निम्माच होता. तू परत निम्मं केलंस?"

"तू 'निम्मं' असं लिहिलंस कुठे?"

"लिहायचं काय त्यात? 'तुझ्या अर्जासाठी' लिहिलंय ना!"

"माझ्या हातातून असं वाक्य गेलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं."

"मग का नाही काढलंस?"

मुळे नसलेल्या राजाला पकडणारी बाई फ्रिजवरच्या तीन शब्दांना फसली होती. नवरा हसायला लागला, आणि तिने तो पाव दुधात न बुडवता कोरडाच खाल्ला. हा तिचा निषेध होता. तो कुणाच्या लक्षात आला नाही.

चूक सापडली म्हणजे काम संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कार्यालयात पाऊल टाकलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी ती ठमीला घेऊन गेली. दारात टोकन मिळालं, ते ठमीने तोंडात घातलं. चार नंबरच्या खिडकीत जाड चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या. खुर्चीवर घडी घातलेली शाल, हातापाशी शिक्का, डोक्यावर घरघरणारा पंखा.

"सदतीस का सत्तावीस हे?"

"चावलंय तेवढं सोडून वाचा."

बाईंनी चष्म्यावरून ठमीकडे पाहिलं, मग पत्राकडे. "तिसऱ्याला आणलंत?"

"तिसरा कुणी नाहीच. माझी आकड्यात चूक झाली."

"नाही, तर तसं लिहून आणा."

"मी देते ना लिहून."

"तुमचं नाही चालायचं. ज्याचा हिस्सा, त्याचं पाहिजे. माझा हिस्सा नाही, असं त्याच्याकडून लिहून आणा."

"पण तो नाहीच आहे."

"तेच लिहून आणा म्हणतेय मी."

मागच्या माणसाने सुस्कारा टाकला. ठमीने टोकनाचा उरलेला भागही संपवला. शेवटी बाईंनाच दया आली. त्या म्हणाल्या, "मूळ दस्त दाखवा. त्यात दोघांचे हिस्से लिहिलेले असले, की मी दुरुस्ती करून घेते. पाच मिनिटांचं काम."

दस्त पिशवीत होता. बाईंनी पानं उलटली आणि बोट एका जागी थांबवलं. "ही काय?"

"रेघ आहे."

"दिसतंय. पण रेघेचा अर्थ आमच्याकडे 'वरीलप्रमाणे' असा धरतात." त्यांनी वरचा रकाना पाहिला. तिथे 'मजला' होता, आणि त्यापुढे लिहिलं होतं 'चौथा'. "हे बघा. वरीलप्रमाणे चौथा. चौथा हिस्सा. जुळतंय की!"

ती थक्क झाली. चूक चुकीला भेटली आणि दोघींचं जमलं, असा प्रकार.

"मग आता?"

"घर घेताना कुणी किती पैसे घातले, त्याचे कागद आणा. त्यावर साहेब हिस्सा ठरवतील. दोघांनी या. आणि बाळाला काहीतरी खायला देत जा."

त्या संध्याकाळी काकू आणि काका दोघंही आले. काका पेन्शनर, आयुष्यभर एका गोदामात पावत्या फाडल्या, त्यामुळे कराबद्दल बोलायचा अधिकार आपला आहे असं त्यांना वाटायचं.

"सरळ हिशेब आहे," काका नवऱ्याला म्हणाले. "ज्याची कमाई कमी त्याच्या नावावर हिस्सा जास्त. कर वाचतो. सगळं हिच्या नावावर टाक. हिची कमाई ती काय असणार!"

"अहो, सगळं कसं टाकेल?" काकू म्हणाल्या. "उद्या काही झालं तर?"

"काय होणार?"

"ती पाव हिश्श्याची बाई आली तर?"

"काकू, पाव बाई नाही!" ती ओरडली, आणि ठमी दचकून रडायला लागली.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "मी काय म्हणतो, तो जास्तीचा पाव मी उचलतो. पाऊण माझं, पाव तुझं दाखवू. कर मी भरीन. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

तो हे मनापासून, अगदी मोलकरणीच्या हातातली जड बादली घ्यावी तसं म्हणाला. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरीही ती म्हणाली, "नको. मला निम्मं हवं."

"म्हणजे?"

"निम्मं घर. माझ्या नावावर. कागदावर."

"आणि कर?"

"तोही निम्मा."

ठमी रडायची थांबली. आपण असं काही बोलू हे तिलाच माहीत नव्हतं. आजवर नवऱ्याकडे तिने बरंच काही मागितलं होतं: वेळ, औषधाची बाटली, पांघरुणाची आपल्या बाजूची कड. पण कर मागणारी बायको त्याने पहिल्यांदाच पाहिली. तो कपाटाची किल्ली घेत म्हणाला, "बरं. कागद शोधू."

कागद शोधायला बसले, आणि खरा घोळ तिथे निघाला. सात वर्षं प्रुफं तपासून साठवलेले तिचे सगळे पैसे घरात गेले होते, हे दोघांनाही माहीत होतं. पण व्यवहाराच्या आठवडाभर आधी 'एकाच खात्यातून गेलं की सोपं पडतं' म्हणून तिने ते नवऱ्याच्या खात्यात टाकले होते. त्यामुळे घर विकणाऱ्याला पोचलेली पै न पै नवऱ्याच्या खात्यातून गेलेली दिसत होती. कागदाच्या दृष्टीने तिने घरात काहीच घातलं नव्हतं. निम्मं राहिलं बाजूला, पावही हातात राहील की नाही अशी वेळ आली.

"आहे ना पुरावा," नवरा म्हणाला. "तू माझ्या खात्यात टाकलेस त्याची नोंद असेलच की."

नोंद होती. तारीख होती, रक्कम होती. आणि पैसे पाठवताना कारण लिहायची जी छोटी जागा असते, तिथे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'माफ केलं'.

दोघांनाही ती सकाळ आठवली.

साहेब चार नंबरच्या खिडकीमागेच बसत. दोघं ठमीसह उभे राहिले, मागे पंधरा-वीस माणसांची रांग. साहेबांनी नोंद वाचली, पुन्हा वाचली आणि समाधानाने मान डोलावली.

"कर्ज माफ केलंत तर. म्हणजे ही रक्कम त्यांना भेट झाली. भेट दिलेल्या पैशावर हिस्सा मागता येत नाही."

"कर्ज नाही हो साहेब," ती म्हणाली. "माणूस माफ केला."

"कोणता माणूस?"

"हा."

रांगेत कुणीतरी खोकलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कशाबद्दल?"

"ते आमचं घरगुती आहे."

"घराच्याच हिश्श्याचं प्रकरण आहे बाई. घरगुती असणारच. कारण कळलं नाही, तर मी भेटच धरणार."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो ठमीच्या टोपीची नाडी नीट करत होता; टोपीला नाडी नव्हती. मग तो हळू आवाजात काहीतरी बोलला.

"मोठ्याने सांगा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "पंखा वाजतोय."

"घर विकणाऱ्याने विचारलं होतं, मिसेस काय करतात," नवरा म्हणाला. आता सगळ्या रांगेला ऐकू गेलं. "मी म्हणालो, काही नाही, घरीच असतात."

"आणि तेव्हा त्या काय करत होत्या?" बाईंचा शिक्का हवेतच थांबला होता.

"शेजारच्या खुर्चीत बसून आठवीचा भूगोल तपासत होती. सातवा महिना होता तिला. दुसऱ्या दिवशी पुस्तक छपाईला जायचं होतं." त्याने ठमीची टोपी पुन्हा नीट केली. "ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागितली, आणि तिने सगळे पैसे पाठवून दिले. घरासाठीच. निम्म्यासाठी."

"मग तसं लिहायचं सोडून 'माफ केलं' काय लिहिता हो?" रांगेतल्या एका गृहस्थाने तिला विचारलं.

"लिहिण्याची तीच जागा मोकळी होती," ती म्हणाली.

साहेबांच्या नियमांच्या पुस्तकात या प्रकाराला कलम नसावं. शेवटी त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "हे सगळं लिहून द्या. पतीने, स्वतःच्या हाताने, कारणासह. सही, तारीख, दोन प्रती."

नवरा बाकावर बसून लिहू लागला. ती शेजारी बसली आणि सवयीने वाचू लागली. 'माझ्याकडून गैरसमजातून असे उद्गार निघाले' असं त्याने लिहिलं होतं. तिने त्याच्या हातातून पेन घेतलं, 'गैरसमजातून' हा शब्द कापला आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'चुकीने'. त्याने ते पाहिलं. पेन परत घेऊन त्याने 'चुकीने'च्या आधी स्वतःच 'माझ्या' घातलं. व्याकरणाने पाहिलं तर वाक्यात 'माझ्या' दोनदा आलं. तिने ते तसंच जाऊ दिलं. तिच्या सगळ्या कारकिर्दीत जाणूनबुजून सोडलेली ती पहिली चूक.

बाईंनी दोन्ही प्रतींवर शिक्के मारले. ठक्. ठक्. हिस्सा: निम्मा, निम्मा. राहिलेला कर आणि उशिराचा दंड तिने स्वतःच्या खात्यातून भरला. कारण लिहायच्या जागी काय लिहिलं ते इथे सांगायची गरज नाही. नवरा ठमीला घेऊन बाहेर गेला, कारण आता ठमीने साहेबांच्या टेबलावरची टाचण्यांची डबी पाहिली होती.

प्रत देताना चार नंबरच्या बाईंनी कागद लगेच सोडला नाही. "हा मजकूर कुठून उतरवून घेतलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"उतरवला नाही. त्यांनीच लिहिला."

"सांगितल्यावर लिहिला?"

"साहेबांनी सांगितल्यावर."

बाईंनी मान हलवली. "आमचंही आहे घर. दोघांच्या नावावर. हिस्सा लिहिलेला नाही, तुमच्यासारखीच रेघ असेल, मी कधी बघितलंच नाही. बावीस वर्षं पगार आणून यांच्या हातात देते. रोख." त्यांनी खिडकीच्या लाकडावरून बोट फिरवलं. "रोखीवर कारण कुठे लिहितात हो?"

एवढ्यात बाहेरून ठमीचा आवाज आला आणि ती घाईघाईने म्हणाली, "मी पुढच्या आठवड्यात येते. तुमचा दस्त आणून ठेवा. आपण दोघी बसून वाचू."

"वाचू," बाई म्हणाल्या. "तुमची नजर चांगली आहे."

ती पुढच्या आठवड्यात गेली. खिडकीत कुणी तरुण माणूस बसला होता, शाल नसलेल्या खुर्चीत. "त्या रजेवर आहेत." त्याच्या पुढच्या आठवड्यातही ती गेली, ठमीला काकूंकडे ठेवून. "अजून रजेवरच." कधी येणार? "कळवलेलं नाही." आजारी आहेत का? "आम्हाला काय सांगतात, बाई? पुढचं टोकन." पत्ता द्यायचा नियम नाही, आणि तिला तर त्यांचं नावही माहीत नाही; खिडकीवर फक्त नंबर असतो. नवरा म्हणतो, माणसं रजा घेतातच, तू उगाच घोर लावून घेतेस. काकूंना तसं वाटत नाही, पण काय वाटतं ते इथे न सांगितलेलं बरं. तिला मात्र राहून राहून वाटतं, की त्यांनी त्या दिवशी घरी जाऊन दस्त काढला, आणि काढताना कुणीतरी विचारलं, "कशाला हवाय?"

म्हणून तिचं तुम्हाला एक सांगणं आहे. तुमचं त्या बाजूला काही काम निघालंच, तर चार नंबरच्या खिडकीपाशी जरा थांबा. जाड चष्मा, खुर्चीवर घडी घातलेली शाल, उजव्या हाताला शिक्का. त्या असल्या तर रांगेदेखत काही विचारू नका, आपलं टोकन द्या आणि 'दस्त सापडला का?' एवढंच हळू आवाजात म्हणा, त्यांना कळेल. आणि नसल्या, तर त्या तरुणाचं 'रजेवर' ऐकून परत फिरू नका. त्यांची चौकशी करा. दोनदा करा.